वर्धा ते पॅरिस, मार्गे मराठी

इंग्रजी भाषेतले सर्वांत अवघड शब्द कोणते, असे कुणाला विचारले तर तो कोशातले हातभर लांबीचे शब्द काढून दाखवील. त्यात काही अर्थ नाही. लांब शब्दाचा अर्थ कोशात सापडतो आणि एकदा सापडला की तो जागचा हलत नाही. खरा छळ करतात ते दोन-तीन अक्षरांचे शब्द: अप, डाउन, इन, आउट, ऑफ. एकेकटे असताना हे अगदी गरीब गाईसारखे असतात. पण एखाद्या साध्यासुध्या क्रियापदाच्या मागे येऊन उभे राहिले की त्यांच्या अंगात काय संचारते कोण जाणे! 'पुट' म्हणजे ठेवणे. 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे, 'पुट आउट' म्हणजे विझवणे, 'पुट अप' म्हणजे पाहुण्याला आपल्या घरी उतरवून घेणे. आणि त्याच 'पुट अप'ला आणखी एक 'विथ' चिकटवला, म्हणजे तो पाहुणा महिनाभर मुक्काम ठोकून बसल्यावर घरच्या बाईला जे करावे लागते ते, सोसणे!

या जोड्यांना 'फ्रेझल व्हर्ब' म्हणतात. हे नाव लोगन पिअर्सल स्मिथ या लेखकाने १९२५ साली आपल्या पुस्तकात वापरले, आणि ते आपल्याला ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवले असे त्याने प्रांजळपणे सांगून टाकले. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेल्या आमच्या पिढीला या नावाची कधी गरज पडली नाही. मास्तर म्हणत, "पाठ करा," आणि आम्ही करीत असू. पुढे मीही वर्ध्याच्या एका शाळेत इंग्रजी शिकवू लागलो आणि मुलांना तेच सांगत राहिलो, कारण दुसरा उपाय कुणालाच ठाऊक नव्हता.

हे सगळे पुन्हा उकरून काढायला कारण झाली माझी नात. ती पुण्याला असते. अकरावीत मार्क चांगले मिळतात म्हणून हल्ली घरोघरी मुले फ्रेंच घेतात आणि बारावी झाली की विसरून जातात. ही मात्र विसरली नाही. तिने एकामागून एक परीक्षा दिल्या आणि आता ती भाषांतराची कामे घेते. गेल्या उन्हाळ्यात ती आमच्याकडे आली ती एक इंग्रजी पुस्तिका घेऊन. वर्धा, सेवाग्राम, पवनार पाहायला येणाऱ्या परदेशी पाहुण्यांसाठी कुणी तरी ती लिहिली होती. हिला ती फ्रेंचमध्ये करून द्यायची होती. पाने जेमतेम बत्तीस. पण वर्ध्याचा मे महिना, कूलरची घरघर, आणि पानोपानी हे अप-डाउन-ऑफ!

"आजोबा," तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "या पुस्तकात प्रत्येक माणूस काही ना काही 'गिव्ह अप' करतो हो!"

खरेच होते ते. गांधीजींनी वकिली 'गिव्ह अप' केली. जमनालाल बजाजांनी असहकाराच्या दिवसांत रायबहादूर ही पदवी 'गिव्ह अप' केली. एका भूमिगत कार्यकर्त्याचा शोध पोलिसांनी 'गिव्ह अप' केला, आणि शेवटी त्याने स्वतःलाच 'गिव्ह अप' केले. नातीने पहिल्या हिशेबात सगळीकडे एकच फ्रेंच क्रियापद ठेवले होते, 'आबांदोने'. कोशात तेच पहिले दिले होते म्हणे. मी तिला म्हटले, "फ्रेंच राहू दे बाजूला. मला ही चारही वाक्ये मराठीत सांग." तिने सांगितली: वकिली सोडली, पदवी परत केली, शोध थांबवला, पोलिसांच्या स्वाधीन झाला. एका इंग्रजी शब्दाची चार मराठी क्रियापदे झाली, आणि चारही आपोआप झाली. कोश उघडावा लागला नाही. मग तिने त्या चार मराठी क्रियापदांना फ्रेंच शोधले आणि तीही मिळाली. वकिलीला 'रनोंसे', म्हणजे त्याग करणे. पदवीला 'रांद्र', म्हणजे परत करणे. स्वाधीन होण्याला 'स रांद्र', म्हणजे स्वतःला परत करणे, शरण जाणे. 'आबांदोने' उरले ते एकट्या पोलिसांच्या वाट्याला. त्याग करणे आणि हात टेकणे यांना एकाच शब्दाने सांगितले असते, तर त्या फ्रेंच पाहुण्याने सेवाग्रामला येऊन काय पाहिले असते?

येथून आमची रीतच ठरून गेली. इंग्रजी वाक्य आधी मराठीत बोलायचे, घरात बोलतो तसे, आणि मग मराठीवरून फ्रेंचला जायचे. वर्ध्याहून मुंबईला जायला भुसावळवरून जावे लागते, तसे. आश्रमात अमुक बाईंनी सूतकताई 'टूक अप' केली, म्हणजे काय उचलले? काही उचलले नाही. त्या सूत कातू लागल्या. या 'लागल्या'ला फ्रेंचमध्ये हुबेहूब जोड आहे, 'स मेत्र आ', म्हणजे एखाद्या कामाला स्वतःला लावणे. १९२२ साली चौरीचौऱ्यानंतर गांधीजींनी चळवळ 'कॉल्ड ऑफ' केली. नातीने लिहिले होते 'आन्युले', म्हणजे रद्द केली. मी विचारले, "लग्न रद्द होते तशी?" ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "तहकूब केली." त्याला 'स्युस्पांद्र'. वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर जमनालालजींनी १९२८ साली अस्पृश्य मानलेल्यांना 'थ्र्यू ओपन' केले. 'थ्र्यू' म्हणजे फेकले! आपण 'खुले केले' म्हणतो. फ्रेंच माणूसही नुसते 'उघडले' म्हणतो. फेकाफेक इंग्रजांची.

हे असे का होते, याचे कारण नातीनेच मला समजावले, आणि ते इतके मौजेचे आहे की वाचकांना सांगितल्यावाचून राहवत नाही. पवनारला धाम नदी आहे. समजा, एक मुलगा ती पोहून पलीकडे गेला. इंग्रज म्हणेल, 'ही स्वॅम अक्रॉस द रिव्हर'. यात क्रियापद आहे पोहण्याचे. पलीकडे जाणे त्या 'अक्रॉस' या चिमुकल्या शब्दात कोंबलेले आहे. फ्रेंच माणूस याच्या बरोबर उलट करतो. त्याचे मुख्य क्रियापद 'त्राव्हेर्से', म्हणजे ओलांडणे. आणि पोहण्याला तो मागे, 'आ ला नाज' म्हणजे 'पोहत' असा, जोडून देतो. आता मराठी पाहा. 'त्याने नदी पोहून ओलांडली.' मुख्य क्रिया ओलांडण्याची, पोहणे दुय्यम! 'ही रॅन इन': इंग्रज धावतो, आणि आत येणे त्याच्या शेपटाला. फ्रेंच 'आत आला, धावत'. मराठी 'धावत आत आला'. वाक्यातल्या शब्दांची जागा वेगळी, पण मालक कोण आणि नोकर कोण हे अगदी तेच.

१९५८ साली व्हिने आणि दार्बेलने या दोन पंडितांनी फ्रेंच व इंग्रजी शैलींची तुलना करणारे एक पुस्तक लिहिले. त्यात या अदलाबदलीला त्यांनी 'शासे-क्रोआझे' हे नाव वापरले आहे; नाचात जोडीदार एकमेकांच्या जागा घेतात त्या चालीचे हे नाव. त्यांचे उदाहरण ब्लेरिओ या वैमानिकाचे. १९०९ च्या जुलैत त्याने इंग्लिश खाडी विमानाने पार केली. इंग्रजीत तो खाडी 'अक्रॉस' उडाला. फ्रेंचमध्ये त्याने ती ओलांडली, विमानातून. त्याच सुमारास, १९५९ साली, तेनिएर या व्याकरणकाराचा मोठा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. त्यातही हीच अदलाबदल सांगितली आहे. एवढ्या मोठ्या विद्वानांना जे शोधावे लागले ते आपल्याकडे नदीकाठच्या पोराला ठाऊक असते, कारण तो तसाच बोलतो. या एका बाबतीत मराठी ही फ्रेंचची सख्खी मावसबहीण आहे, आणि आपण मात्र दोनशे वर्षे इंग्रजीच्या चष्म्यातून तिकडे पाहत आलो.

पवनारचे नाव निघालेच आहे तर आणखी एक गोष्ट. विनोबांनी बडोद्याच्या शाळेत दुसरी भाषा म्हणून संस्कृत नव्हे, फ्रेंच घेतली होती. वडिलांची तशी इच्छा होती. संस्कृत त्यांनी नंतर स्वतःच्या कष्टाने मिळवले, आणि ज्या आईला संस्कृत गीता कळत नव्हती तिच्या आठवणीने 'गीताई' वर्ध्यात १९३०-३१ मध्ये रचली. मराठीतल्या सर्वांत घरोघरी गेलेल्या भाषांतराचा कर्ता शाळेत फ्रेंचचे धडे गिरवीत होता, हे आमच्या वर्ध्यातल्याही पुष्कळांना ठाऊक नाही.

मराठी आणि फ्रेंच यांचे एवढे मेतकूट आहे, तर मग भाषांतर सोपे झाले, असे कुणाला वाटेल. आम्हालाही दोन दिवस वाटले. पण पुस्तिकेत एक ठिकाणी आश्रमातल्या पंगतीचे वर्णन आले. ताटात काही टाकायचे नाही, हा नियम. मुलांना वाढणारी बाई सांगते, 'ईट अप, ड्रिंक अप'. आता इथले 'अप' वर जाण्याचे नव्हे. ते संपवण्याचे आहे. मराठीत काहीच अडचण नाही: 'खाऊन टाक, पिऊन टाक.' 'टाक' म्हणजे फेकून दे असे इथे कुणी समजत नाही. पण फ्रेंच इथे हात वर करते! तिच्याकडे असा 'अप'ही नाही आणि असा 'टाक'ही नाही. तिला उघड उघड 'संपव' म्हणावे लागते. 'फिनी', ताट संपव. अर्थ पोहोचतो, पण त्या 'टाक'मधली आईची लगबग, थोडा लाड, थोडा दटावणीचा सूर, तो वाटेत गळतो.

म्हणजे पाहा, दिशा दाखवायची असेल तर मराठी फ्रेंचच्या पंगतीला बसते, आणि काम कितपत झाले, कुणासाठी झाले, हे दाखवायचे असेल तर उठून इंग्रजीच्या पंगतीला जाते. आपल्या या जोड क्रियापदांना व्याकरणात संयुक्त क्रियापदे म्हणतात. मोरो केशव दामले यांनी १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त त्यांचा भरपूर खल केला आहे, आणि तो वाचून माझ्यासारख्याच्या डोक्यात गोंधळच अधिक झाला, हे खरे. व्याकरण बाजूला ठेवून नुसते कानाने ऐकले तर मात्र सगळे लखलखीत आहे. एक 'लिहिणे' घ्या. दुसरा सांगतो आहे ते 'लिहून घेतो'. अडाणी शेजाऱ्याला अर्ज 'लिहून देतो'. उद्या उपयोगी पडेल म्हणून 'लिहून ठेवतो'. परीक्षेत येवो न येवो, काही तरी 'लिहून टाकतो'. मोत्यासारख्या अक्षरात सबंध वही 'लिहून काढतो'. आणि रागाच्या भरात एखाद्याला नको ते 'लिहून बसतो'. मग पोस्टमनच्या नावाने बोटे मोडतो. इंग्रजीत 'राइट डाउन', 'राइट आउट', 'राइट अप' अशी थोडीफार रांग लागते, पण 'लिहून बसणे' कुठल्या 'अप'ने की 'डाउन'ने सांगणार? फ्रेंचकडे याला 'नोते', 'रकोपिए', 'रेदिजे' अशी वेगवेगळी, सुटसुटीत, इस्त्रीची क्रियापदे आहेत. टिपून घेणे, नक्कल करणे, नीट मसुदा करणे. छान आहेत. पण त्यांत पश्चात्ताप नाही.

आणि आमच्या विदर्भाच्या बोलीत तर या जोडकामाला ऊतच आलेला. पुण्याचा माणूस 'काय करतो आहेस' म्हणतो, तिथे आम्ही 'काय करून राहिला' म्हणतो. नातीला पुण्यात यावरून हसतात. मी तिला सांगितले, हसू दे. 'राहणे' या क्रियापदाला एवढे काम दुसऱ्या कुठल्या मराठीने दिले आहे?

'राइट ऑफ' ही जोडी वर आली नाही. ती मी मुद्दाम मागे ठेवली आहे.

इंग्रजी आणि फ्रेंच यांच्यामधली ही ये-जा वर्ध्याला तशी जुनी. मॅडेलिन स्लेड ही ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्याची मुलगी. फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ यांच्या तोंडून गांधीजींचे नाव तिला पहिल्यांदा कळले, १९२५ साली ती हिंदुस्थानात आली आणि मीराबेन झाली. १९३१ च्या डिसेंबरात गोलमेज परिषदेहून परतताना गांधीजी स्वित्झर्लंडमध्ये रोलाँ यांच्याकडे राहिले. रोलाँ यांना इंग्रजी बोलता येत नव्हते, गांधीजींना फ्रेंच. तेव्हा रोलाँ यांची बहीण मादलेन आणि मीराबेन या दोघींनी दुभाष्याचे काम केले. पुढे गांधीजी १९३६ साली शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले, तेव्हा मीराबेन आधीच तिथे येऊन राहिल्या होत्या. आज ज्या बापू कुटीपुढे लोक चपला काढतात ती मुळात त्यांची झोपडी. त्याच सुमारास लांझा देल व्हास्तो हा इटलीत जन्मलेला, फ्रेंचमध्ये लिहिणारा कवी वर्ध्यास येऊन राहिला. गांधीजींनी त्याचे नाव शांतिदास ठेवले. त्याने १९४३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रवासग्रंथामुळे कितीतरी फ्रेंच वाचकांना वर्धा कळले, आणि तेही इंग्रजीचा टोलनाका न लागता.

गांधीजींच्या आत्मकथेचेच पाहा. गुजरातीत 'सत्यना प्रयोगो', मराठीत 'सत्याचे प्रयोग'. महादेवभाई देसाई यांनी इंग्रजी केले तेव्हा त्यांना 'एक्स्पेरिमेंट्स विथ ट्रूथ' म्हणावे लागले. 'चे'च्या जागी 'विथ' आला. १९५० साली पॅरिसहून फ्रेंच आवृत्ती निघाली, तिच्या नावात तो 'विथ' गळून पडला आणि 'चे' परत आला: 'मेझेक्स्पेरिआंस द व्हेरिते'. शिवाय फ्रेंचमध्ये 'एक्स्पेरिआंस' म्हणजे प्रयोगही आणि अनुभवही! मूळ गुजरातीला न मिळालेला एक जादा अर्थ फ्रेंचने पदरात टाकला. मध्ये इंग्रजी होते म्हणून वळसा पडला, एवढेच.

आता १९४२. पुस्तिकेतल्या या पानावर आमचे चार दिवस गेले. काँग्रेस कार्यकारिणीने १४ जुलै १९४२ रोजी आमच्या वर्ध्यातच तो ठराव केला, जो पुढे ८ ऑगस्टला मुंबईत महासमितीपुढे गेला. पुस्तिकेच्या लेखकाने सरळ ठोकून दिले होते की, वर्ध्याने इंग्रजांना 'गेट आउट' म्हणून सांगितले. 'गेट आउट' भाषांतर करायला सोपे. मराठी मुलाला तर ते भाषांतर न करताच कळते. शाळेत निदान एकदा तरी प्रत्येकाने ऐकलेले असते. पण मौज अशी की, नेमके हेच दोन शब्द गांधीजींनी नाकारले होते! शांतिकुमार मोरारजी यांनी आठवण सांगितली आहे. घोषणा कोणती द्यावी अशी चर्चा चालली असता कुणी तरी 'गेट आउट' सुचवले. ते असभ्य म्हणून गांधीजींना पटले नाही. राजाजींनी 'रिट्रीट' किंवा 'विथड्रॉ' म्हणून पाहिले. तेही जमले नाही. मग यूसुफ मेहेरअलींनी 'क्विट इंडिया' दिले आणि ते मान्य झाले. 'सायमन गो बॅक' ही १९२८ ची घोषणाही मेहेरअलींचीच. म्हणजे या गृहस्थांच्या एका घोषणेत शेपूट आहे, दुसरीत नाही. आणि ज्या घोषणेने राज्य हलवले ती शेपटाशिवायची.

खुद्द वर्ध्याच्या ठरावात 'क्विट' नाहीच. तिथे 'विथड्रॉवल' आहे, ब्रिटिश सत्ता काढून घेण्याची मागणी. आणि स्पष्ट म्हटले आहे की, याचा अर्थ सगळ्या इंग्रज माणसांनी देश सोडावा असा नाही. ज्यांना हा देश आपले घर करायचा आहे त्यांनी तर नाहीच. मला यात मीराबेन दिसतात. आपल्याकडे ठरावाची झाली 'चले जाव' चळवळ. हिंदीत 'भारत छोडो' अधिक चालले, मराठीत 'चले जाव'. हे 'चले जाव' म्हणजे अस्सल देशी जोड क्रियापद, आणि 'गेट आउट'च्या फार जवळचे. 'जाव'मधला मान तेवढा शिल्लक आहे. काढून घ्यायची सत्ता होती, निघून जायला सांगितली गेली माणसे. चळवळीला असाच शब्द लागतो, हे मी जाणतो. 'सत्ता काढून घ्या' असे ओरडत कुणी गोळीपुढे उभे राहत नाही. पण भाषांतर करणाऱ्याने दोन्ही जाणून असावे. त्या १५ ऑगस्टला, आगाखान पॅलेसच्या कैदेत, महादेवभाई वारले. मीराबेन तिथेच कैदेत होत्या. 'चले जाव' म्हणणाऱ्यांच्या बाजूने एक इंग्रज बाई तुरुंगात!

नातीने फ्रेंचमध्ये घोषणेला 'कित्ते लँद' ठेवले आणि ठरावाला वेगळा शब्द दिला, 'रत्रे', म्हणजे काढून घेणे. शिवाय खाली एक टीप जोडली. मूळ पुस्तिकेत टीप नव्हती. ज्यांनी काम दिले होते त्यांनी टिपेचे पैसे मिळणार नाहीत असे कळवले. तिने ती तरीही ठेवली.

'क्विट' हा शब्द इंग्रजांनी जुन्या फ्रेंचमधून घेतला आहे, हे तिला ठाऊक होते. तो मूळ काय म्हणत होता, ते आम्हाला कळले पुढच्याच आठवड्यात, आणि तेही कापसाच्या निमित्ताने.

पुस्तिकेच्या शेवटी जिल्ह्याच्या शेतीवर अर्धे पान होते. कापूस, सोयाबीन, तूर, हिंगणघाटची बाजारपेठ. आणि मग एक वाक्य, की शेतकऱ्यांची बरीच कर्जे बँकांनी 'रिटन ऑफ' केली. नातीने लिहिले, 'रमेत्र'. फ्रेंचमध्ये देणे 'रमेत्र' करणे म्हणजे माफ करणे. (गंमत म्हणजे सभा किंवा भेट 'रमेत्र' करणे म्हणजे ती पुढे ढकलणे! कर्जमाफी आणि कर्ज पुढे ढकलणे यांना एकच शब्द. फ्रेंच लोकांना आमच्या राजकारणाची कल्पना आधीपासून असावी.)

तिचा कागद टेबलावर होता आणि समोर माझा एक जुना विद्यार्थी बसला होता. देवळीकडचा. सात एकर कोरडवाहू. त्याच्या हातात वर्तमानपत्राचे कात्रण.

"सर, बँकांनी एवढे कोटी राइट ऑफ केले म्हंते पेपरात. मंग आपलंही सुटलंच असन ना?"

आता हा प्रश्न व्याकरणाचा नव्हता. मी त्याला सांगितले: राइट ऑफ म्हणजे बँक आपल्या ताळेबंदातून ती रक्कम काढून टाकते. येणे बुडीत धरते, तोटा सोसल्याचे दाखवते, वही स्वच्छ करते. वही बँकेची स्वच्छ होते, तुझी नाही. तुझ्यावरचा तिचा हक्क तसाच राहतो, वसुली चालू राहू शकते, सातबाऱ्यावरचा बोजा आपोआप उतरत नाही. माफी वेगळी, ती सरकारने योजना काढून, बँकेला पैसे देऊन करायची असते. २००८ साली केंद्राने केली. राज्याने २०१७ साली छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना काढली आणि २०१९ साली महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना. या दुसऱ्या योजनेच्या नावात 'मुक्ती' आहे. माफी गुन्ह्याची मागायची, शेतकऱ्याने कुठला गुन्हा केला, असे म्हणून शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 'कर्जमुक्ती' या शब्दाचा आग्रह पूर्वीच धरला होता. शब्द मिळाला. माझ्या विद्यार्थ्याचे नाव मात्र दोन्ही याद्यांत बसले नव्हते. एकदा थकबाकीच्या तारखेत अडले, एकदा आधारच्या अंगठ्यात.

तो ऐकत होता. "म्हंजे बँकेनं लिहून टाकलं, पन आमाले लिहून नाई देल्लं," तो म्हणाला.

नात माझ्याकडे पाहत राहिली. पंधरा दिवस आम्ही जे दामल्यांत आणि कोशांत धुंडाळत होतो ते त्याने एका वाक्यात मांडले. तिने 'रमेत्र' खोडले आणि लिहिले 'पासे आं पेर्त', तोट्यात घातले. एक शब्द बदलला. पण पॅरिसचा वाचक आता इथल्या शेतकऱ्याला कर्जातून सुटलेला समजणार नव्हता.

"अन् खरंच सुटला, काहीच देनं नाई राहिलं, तर त्याले तुमच्या फ्रेंचमधी काय म्हंते?" त्याने विचारले.

तिने मोठा कोश उघडला. "कित," ती म्हणाली. मग पुढे वाचू लागली आणि थांबली. हाच तो 'क्विट'. जुन्या फ्रेंचमध्ये याचा अर्थ देण्यातून मोकळा, कुणाचे काही न लागणारा. त्याच्याही मागे लॅटिनमधला 'क्वीएतुस', म्हणजे शांत, निवांत. सोडून जाणे हा अर्थ पुढचा. आजही दोघांचे देणे-घेणे फिटले की फ्रेंच माणूस 'आम्ही कित झालो' म्हणतो. आपण फिटंफाट म्हणतो. आणि पैसे भरल्याच्या पावतीला म्हणतात 'कितांस'.

"पावती तिकडंही लागतेच म्हना!" तो हसला.

तोवर आजीने चहा आणला. मग त्याच टेबलावर, ठरावाचे कागद बाजूला सारून, नातीने त्याला बँकेकडे द्यायचा एकरकमी परतफेडीचा अर्ज लिहून दिला. मराठीत. रक्कम कमी करून मिळावी, आणि ती भरताच बेबाकी दाखला त्याच दिवशी हाती द्यावा, हे वाक्य त्याने तिच्याकडून दोनदा वाचून घेतले.